इचिमोकू क्लाउड वापरताय? या चुका टाळा

इचिमोकू म्हणजे भावाच्या चार्टवर काढायच्या पाच रेषा, आणि त्यातल्या दोन रेषांमधला रंगीत पट्टा म्हणजे ढग. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पुढचा ढग हिरवा झाला की लगेच खरेदी. अरे, तो ढग भविष्य सांगत नाही, तो फक्त २६ कँडल (डेली चार्टवर एक कँडल म्हणजे एक दिवस) पुढे सरकवून काढलेला असतो. आजच्या किमतीजवळ जो ढग दिसतो तो २६ कँडल आधीच्या डेटाचा, आणि पुढचं टोक आजच्या डेटाचं, तेही आजची कँडल बंद होईपर्यंत हलत राहतं. किंमत अजून ढगाखालीच असेल तर पुढचा रंग बघून उडी मारायची नाही.

चिकोऊ नावाच्या रेषेचा घोळ तर विचारूच नका. एका ओळखीच्याने बॅकटेस्ट (जुन्या डेटावर नियम चालवून बघणं) पाठवला, फायद्याचा कर्व्ह नुसता वर वर, तोटा जवळपास नाहीच, आणि हा दुसऱ्या दिवसापासून खरे पैसे लावायला निघालेला. कोड उघडून बघितलं तर प्रत्येक कँडलवर काढलेली चिकोऊ त्याच कँडलच्या किमतीशी ताडली होती. आता चिकोऊ म्हणजे क्लोजच (कँडलचा बंद भाव), फक्त २६ कँडल मागे काढलेला, म्हणजे जुन्या कँडलवर दिसणारी चिकोऊ हा तिच्यानंतरच्या २६व्या कँडलचा क्लोज! पुढे भाव चढलेला असेल तिथेच घ्यायचं म्हटल्यावर कोण हरेल? आजचा क्लोज २६ कँडल आधीच्या किमतीशी ताडा असं बदलून घेतलं आणि जवळजवळ सगळा फायदा गायब. पैसे वाचले हे महत्त्वाचं. बॅकटेस्ट फारच सुंदर दिसला की मी आधी चिकोऊची ओळ शोधतो.

तेनकान आणि किजुन या दोन रेषांचा क्रॉस (एक दुसरीला छेदते तो) ढगाच्या आत झाला तर मी सोडून देतो.

या दोन रेषांना मूव्हिंग अ‍ॅव्हरेज समजू नका, ९ आणि २६ कँडलमधल्या सर्वोच्च हाय आणि सर्वात खालच्या लोचा तो मध्य आहे. म्हणून किजुन सपाट झाली तर चार्ट अडकलेला नसतो, रेंज हललेली नसते.

आणि ते सेटिंग! ही पद्धत बनवणाऱ्या गोइची होसोदांनी १९३०च्या दशकात काम सुरू केलं आणि पद्धत सगळ्यांसमोर मांडली १९६९ मध्ये, आणि इथे नवीन मंडळी एका दुपारी ९-२६-५२ चे (५२ हा ढगाच्या एका रेषेसाठीचा) आकडे फिरवत बसतात, मागचे ट्रेड छान दिसेपर्यंत. याला शिकणं म्हणत नाहीत. आकडे तसेच ठेवा, आधी वीकली चार्ट बघा, मग डेली, आणि सुरुवातीला बाकीच्या रेषा बंद करून फक्त किंमत आणि ढग एवढंच ठेवा.