बाजारात खेळ मांडण्याआधी: जागा, पाळी आणि तंटा मिटवण्याची रीत

आठवडी बाजारात दोन खेळवाले एकमेकांवर धावून गेले की बघणाऱ्याला ते जागेचे भांडण वाटते. प्रत्यक्षात बाजाराच्या पटांगणावर जागेचा तुटवडा क्वचितच असतो. भांडण होते ते पाळीवरून, आवाजावरून आणि सर्वांत जास्त वेळा थाळी फिरवण्याच्या क्षणावरून. भंडारा आणि गोंदियाकडच्या बाजारांत, जत्रांत आणि दिवाळीनंतरच्या मंडयांत, म्हणजे गावोगाव भरणाऱ्या मेळ्यांत, मी बरीच वर्षे ढोलकी वाजवली आहे. या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी आणि आपल्या गावात येणाऱ्या कलावंतांना समजून घेऊ पाहणाऱ्या गावकऱ्यांसाठी ही रीत येथे लिहून ठेवीत आहे.

गावात शिरताना

पहिली चौकशी पानठेल्यावर करावी. गेल्या पंधरवड्यात या गावात कोण येऊन गेले, हे पानठेलेवाल्याइतके नेमके दुसरे कोणी सांगत नाही. तुमच्याच कलेचा माणूस नुकताच येऊन गेला असेल, तर घरोघरचा फेरा सोडून द्यावा आणि फक्त बाजारात खेळ करावा. घरातली बाई सुपातून धान्य देते ते मोजून देते. तिने चार दिवसांपूर्वी एका बहुरूप्याला दिले असेल, तर दुसऱ्याला ती रिकाम्या हाताने परत पाठवते आणि मग तो दुसरा पहिल्याच्या नावाने बोटे मोडत बसतो, जरी चूक त्याची स्वतःची असली तरी.

काही समाजांत गावे वाटून घेण्याची जुनी पद्धत आहे. बापाची गावे मुलांत वाटली जातात, आणि त्या घराण्यातला माणूस दरवर्षी ठरलेल्या हंगामात त्या गावांत येतो. कायद्याच्या दृष्टीने या हक्काला काही अर्थ नाही आणि कोणताही भारतीय नागरिक कोणत्याही गावात जाऊ शकतो. तरीही ज्या माणसाला गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची नावे पाठ आहेत आणि ज्याच्या आज्याने त्याच ओसरीवर बसून गाणी म्हटली आहेत, त्याच्या आधी त्या ओसरीवर जाऊन बसणे हा उद्धटपणा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तो गावात असेल तर त्याला भेटून "भाऊ, आम्ही बाजारापुरतेच आलो, घरं तुमची," एवढे सांगितले तरी पुष्कळ होते.

दुसरी भेट पोलीस पाटलाची. ही केवळ औपचारिकता समजू नये. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. तो दिवस त्या गावच्या आठवडी बाजाराचाच होता. तेव्हापासून अनोळखी गावात पाऊल टाकताच पोलीस पाटलाकडे किंवा कोतवालाकडे जाऊन आधार कार्ड दाखवणे, किती जण आलो आणि पाल कोठे ठोकले आहे ते सांगणे, आणि शक्य असल्यास आपल्या गावच्या सरपंचाचे पत्र जवळ बाळगणे, हे अंगवळणी पाडून घ्यावे. या नोंदीचा दुसराही उपयोग होतो. पुढे कोण आधी आले यावर वाद झालाच, तर सकाळी कोणी नाव सांगितले होते हे पाटलाला ठाऊक असते.

एकाच गावात एकाच दिवशी दोन-तीन प्रकारचे कलावंत सुखाने फिरू शकतात, कारण त्यांच्या वेळा मुळातच वेगळ्या आहेत. वासुदेव उजाडता उजाडता येतो. नंदीबैलवाला न्याहारीनंतर दारात उभा राहतो. बहुरूपी माणसे घरी असण्याची वेळ हेरतो. गोंधळी तर आमंत्रणावाचून येतच नाही आणि त्याचे काम रात्रीचे असते. या वेळा मोडून कोणी दुसऱ्याच्या वेळेत शिरला तरच खटका उडतो.

पटांगणावर

विदर्भाच्या खेड्यांत शेतमजुरांचा हिशेब पुष्कळदा बाजाराच्या दिवशी होतो. कापूस वेचणीच्या दिवसांत आठवड्याची मजुरी हातात पडली की बायामाणसे दुपारनंतर बाजाराला निघतात. म्हणजे खेळासाठी खरी वेळ तीन ते साडेपाच एवढीच असते आणि त्या अडीच तासांत सगळ्यांना आपले पोट भरायचे असते. म्हणून पटांगणावर पोचल्यावर गाठोडे खाली ठेवण्याआधी तेथे असलेल्या प्रत्येक खेळवाल्याला जाऊन भेटावे आणि पाळी ठरवून घ्यावी.

पाळी ठरवताना आधी आलेल्याचा मान पहिला, हे सर्वमान्य आहे; पण त्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ज्याचे सामान उभे करायला वेळ लागतो त्याला हलवू नये. डोंबाऱ्याला बांबूंच्या कैच्या रोवून, दोर ताणून, ओढ तपासून घ्यायला अर्धा तास सहज लागतो. डफ काखेत मारून चालणाऱ्या माणसाने त्याला "जरा तिकडे सरका" म्हणणे शोभत नाही. ज्याचे गाठोडे हलके, त्याने सरकावे.

अंतर पावलांनी मोजू नये, कानांनी मोजावे. दुसऱ्याच्या रिंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहावे, आपल्या साथीदाराला आपल्या जागेवर वाजवायला सांगावे, आणि मधल्या माणसाचे साधे बोलणे त्या वाजवण्याच्या वर ऐकू येते की नाही ते पाहावे. येत नसेल तर आणखी लांब जावे. हलगी आणि ढोलकी वाऱ्याच्या दिशेने फार दूर जातात, त्यामुळे मोठ्या आवाजाच्या वाद्याने वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसावे. एकतारी किंवा किंगरी वाजवणाऱ्या म्हाताऱ्याजवळ तर ढोलकी मांडूच नये. त्याला पुढे सरकण्याइतके पायांत बळ नसते आणि तुमच्याशी भांडण्याइतका आवाजही नसतो. अलीकडे गळ्यात स्पीकर अडकवून गाणारे आले आहेत. त्यांनी स्पीकरचे तोंड आपल्याच रिंगणाकडे खाली वळवावे, आणि दुसऱ्याची पाळी सुरू असताना तो बंद ठेवावा.

आता थाळीचा नियम. कोणाचीही थाळी फिरत असताना पटांगणावर दुसऱ्या कोणीही वाद्यावर हात ठेवायचा नाही. बाकी सगळे नियम थोडेफार वाकतात, हा वाकत नाही. त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. खेळ बघताना माणूस गुंगलेला असतो. पण खेळाचा कळस झाला, थाळी निघाली, की त्याच्या मनात द्यावे की निघावे अशी घालमेल सुरू होते, आणि तेवढ्यात शेजारी ढोलकीवर थाप पडली तर त्याला निघून जायला आयते निमित्त मिळते. अर्ध्या तासाची मेहनत त्या एका थापेने वाया जाते.

ही थाप मी स्वतः मारली आहे. वैनगंगेकाठच्या एका बाजारात, मी वीसेक वर्षांचा असताना, शेजारी डोंबाऱ्याची सून दोरीवर होती आणि त्याची म्हातारी थाळी घेऊन उठली होती. माझा हात शिवशिवत होता. मी चाट आणि थाप दोन्ही मोकळी सोडली. गर्दी आमच्याकडे वळली, दोरीवरची बाई क्षणभर डळमळली, आणि म्हातारीच्या थाळीत चार नाणी पडली. आमच्या उस्तादांनी मला एक शब्द सुनावला नाही. त्यांनी खेळ थांबवला, संध्याकाळी आमच्या मिळकतीतला अर्धा हिस्सा कापडात बांधून माझ्याच हाताने त्या म्हातारीकडे पाठवला, आणि पुढचे तीन बाजार मला ढोलकीला हात लावू दिला नाही. म्हातारीने पैसे घेतले आणि मला चहा पाजला. तिने ओरडा केला असता तर बरे झाले असते, असे मला त्या वेळी वाटले.

मिळकतीतला अर्धा हिस्सा देऊन चूक निस्तरण्याचा हा प्रकार आमच्या उस्तादांनी शोधून काढलेला नव्हता. दुसऱ्याची थाळी मोडली तर भरपाई त्याच दिवशी, पाल हलण्याआधी करावी.

दुकानदारांशीही पाळण्याची रीत आहे, पण ती सोपी आहे. गर्दीची पाठ कोणाच्या दुकानाला लागू देऊ नये. भाजीवालीपुढे रिंगण धरले तर तिची वांगी तशीच राहतात आणि ती शिव्या देते त्या योग्यच असतात. बैलबाजाराच्या बाजूला तर हलगी मुळीच वाजवू नये, कारण बुजलेले जनावर रिंगण ओळखत नाही. बाजार वसुलीचा ठेकेदार पैसे मागेल तर पावती मागावी, कारण वसुलीचे दर ग्रामपंचायतीने ठरवलेले असतात. साप, माकड किंवा अस्वल घेऊन येणारा कोणी अजूनही भेटलाच, तर त्याच्या शेजारी बसू नये; वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे आणि वनरक्षक आला की शेजाऱ्यांचीही चौकशी होते.

मंडईची गोष्ट वेगळी

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, भाऊबिजेच्या सुमारास मंडया सुरू होतात आणि धानाची कापणी-मळणी चालू असेपर्यंत गावोगाव पाळीपाळीने भरत राहतात. मंडईत दंडार हे लोकनाट्य असते, उभ्याने सादर होणारी तमाशासारखी खडीगंमत असते, रात्री तंबूत तिकिटाचे नाटक असते. येथे सुपारी घेऊन आलेला फड हा यजमानाचा पाहुणा असतो आणि आपल्या मनाने आलेला खेळवाला हा पाहुण्याच्या पंगतीला आलेला वाटसरू असतो. मंडपात गण, म्हणजे खेळाच्या सुरुवातीचे गणेशस्तवन, सुरू झाला की बाहेरच्याने आपले वाद्य झाकावे. नाटकाच्या तिकीटखिडकीसमोर रिंगण धरू नये. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, सवलतीचे दिवस सोडून. त्यामुळे आपला खेळ दिवेलागणीपूर्वी उरकणे शहाणपणाचे.

दोन पार्ट्या एकाच मंडपात समोरासमोर उभ्या राहतात त्या दुय्यम खडीगंमतीकडे मात्र प्रत्येक फिरत्या कलावंताने एकदा लक्षपूर्वक पाहावे. तेथे भांडण हाच खेळ असतो. एक शाहीर सवाल टाकतो, दुसरा जबाब देतो. पहिल्याचे कवन संपेपर्यंत दुसऱ्याची डफावर बोटे स्थिर असतात. टोमणा गाण्याला मारायचा, गळ्याला मारायचा, फार तर टोपीला मारायचा. जातीला, घरच्या बाईला आणि शरीराच्या व्यंगाला मारायचा नाही. रात्रभर एकमेकांची सालटी काढणारे हे दोन शाहीर सकाळी एकाच चुलीवरचा चहा पिताना दिसतात.

तंटा झालाच तर

गर्दीपुढे भांडू नये. शरमेपेक्षाही यामागे धोका मोठा आहे. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा 1959 सालचा कायदा महाराष्ट्रात लागू आहे आणि त्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करणे या निमित्ताने सार्वजनिक ठिकाणी पैसे घेणे हीदेखील भीकच धरली आहे. अटक वॉरंटाशिवाय होऊ शकते आणि एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवण्याची तरतूद आहे. म्हणजे दोन खेळवाल्यांनी आरडाओरड करून पोलीस बोलावले, तर तक्रार करणारा आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, असे दोघेही एकाच गाडीत बसू शकतात. मला हा कायदा अन्यायाचा वाटतो, पण तो आहे हे विसरून चालत नाही. मारहाण झाली, बाईमाणसावर हात पडला किंवा सामान मोडले, तर अर्थातच पोलिसांकडे गेलेच पाहिजे.

एरवी दोघांनी बाजूला, गाठोड्यांपाशी बसावे आणि तिसऱ्या कलेचा एखादा वयस्क माणूस मध्ये घ्यावा. दोन ढोलकीवाल्यांचा तंटा तिसऱ्या ढोलकीवाल्याने सोडवू नये, कारण त्याला उद्याच्या बाजाराचा स्वार्थ असतो. नंदीबैलवाल्या काकांनी किंवा गोंधळी मामांनी तो सोडवावा. त्यांच्यापुढे एकच गोष्ट मांडावी: आज माझी पाळी केव्हा होती आणि ती कशी गेली. गेल्या वर्षीची उणीदुणी काढली की संध्याकाळ निघून जाते आणि दोघांचीही थाळी रिकामी राहते. तोडगा बहुधा तीनपैकी एक निघतो: उरलेल्या वेळेची वाटणी, पुढच्या बाजाराला पहिली पाळी, किंवा मिळकतीतला हिस्सा.

एवढ्याने भागले नाही तर गावच्या तंटामुक्त समितीच्या अध्यक्षांकडे जावे. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 15 ऑगस्ट 2007 पासून सुरू झाली आणि तिच्या समितीपुढे परगावचा माणूसही आपले म्हणणे मांडू शकतो, हे अनेक फिरत्या कलावंतांना माहीत नसते. जातपंचायतीकडे मात्र हा वाद नेऊ नये. पंचांनी समजूत घातली तर हरकत नाही. पण सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या 2016 सालच्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे बहिष्कार टाकणे हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गावाच्या हद्दीवरून एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकल्याचे जुने किस्से अभिमानाने सांगणारे पंच आजही भेटतात. त्यांना हा कायदा वाचून दाखवावा.

बाजार उठल्यावर आपल्या रिंगणातल्या विटा, दोरीचे तुकडे आणि रोवलेल्या खुंट्या काढून खड्डे बुजवावेत, कारण पुढच्या आठवड्यात तेथे कोणी वेगळाच माणूस बसणार असतो. निघताना पुन्हा त्याच पानठेल्यावर थांबावे आणि आपण कोणकोणती गावे करून आलो, पुढे कोणत्या बाजाराला जाणार आहोत, हे सांगून ठेवावे. तुमच्यानंतर येणारा ढोलकीवाला तेथे चुना मागायला थांबेल तेव्हा त्याला हा निरोप मिळेल, आणि तो दुसरी वाट धरेल.