दारू सोडायचीय? जवळची मीटिंग शोधायची कशी (आणि दारातून आत जायचं कसं)

मीटिंग म्हणजे दारू सोडू पाहणारे लोक एकत्र बसून आपापलं बोलतात ती बैठक. ती शोधणं तसं पाच मिनिटांचं काम आहे, खरी बोंब पुढे होते, म्हणजे पत्ता मिळतो, वेळ कळते आणि माणूस घरीच बसतो. मीही बसलोय, त्यामुळे दोन्ही सांगतो.

पण त्याआधी एक गोष्ट. रोज पीत असाल, सकाळी हात थरथरत असतील, घोट घेतल्याशिवाय धड वाटत नसेल तर 'उद्यापासून एकदम बंद' हा उद्योग स्वतःच्या मनाने करू नका, आधी डॉक्टर गाठा. शरीराला सवय झालेली असते, दारू अचानक तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर एकदोन दिवसांत भास होणं, भान हरपणं सुरू होऊ शकतं आणि त्यात माणूस जाऊसुद्धा शकतो. मीटिंग आणि औषधं दोन्ही एकदम चालतात. मीटिंगमध्ये कोणी 'गोळ्या बंद कर' म्हणाला तर त्याचं ऐकायचं नाही, तो डॉक्टर नाहीये.

आता शोधायचं कसं. सगळ्यात पसरलेलं जाळं एएचं, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचं. त्यांच्या साइटवर आपला भाग टाकला की मीटिंगची लिस्ट किंवा निदान हेल्पलाइन नंबर मिळतो. मीटिंग गाइड म्हणून त्यांचं फुकट अ‍ॅप पण आहे, लोकेशन ऑन केलं की जवळच्या मीटिंगा अंतराप्रमाणे दाखवतं, मात्र सगळ्या भागांतल्या मीटिंगा त्यात नसतात, त्यामुळे अ‍ॅप रिकामं दिसलं म्हणून 'आपल्याकडे काही नाहीच' असं समजू नका. व्यसनमुक्ती केंद्रात किंवा हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात विचारा, त्यांना बहुतेक वेळा माहीत असतं.

लिस्टमध्ये ओपन आणि क्लोज्ड असं लिहिलेलं दिसेल. ओपन म्हणजे कोणीही येऊ शकतं, बायको, भाऊ, मित्र. क्लोज्ड फक्त ज्याला स्वतःला दारू सोडायचीय त्याच्यासाठी. सोबत कोणाला नेणार असाल तर हे बघून जा. घरच्यांसाठी वेगळा अल-अ‍ॅनॉन ग्रुप असतो, तुम्ही मीटिंगला गेलात नाही गेलात तरी ते जाऊ शकतात, हे बऱ्याच घरांत कळतच नाही.

देवाचं नाव निघालं की तुमचं डोकं फिरत असेल तर (एएमध्ये 'उच्च शक्ती' हा शब्द येतो, प्रत्येकाने आपापला अर्थ लावायचा असतो) स्मार्ट रिकव्हरी ही दुसरी संस्था बघा, १९९४ पासून चालू आहे, तिथे विचार आणि सवयी बदलायच्या पद्धतींवर काम होतं. ऑनलाइन मीटिंगा दोन्हीकडे आहेत, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं.

आता माझा घोळ ऐका. मी पहिल्यांदा निघालो तेव्हा नेटवरचा पत्ता बघून निघालो, पोचलो तर कुलूप. ग्रुपने जागा कधीच बदलली होती, लिस्ट तशीच जुनी. मी पाच मिनिटं फोन कानाला लावून कोणाशी तरी बोलत असल्यासारखा उभा राहिलो, का तर कोणी बघितलं तर, आणि मग घरी न जाता सरळ बारमध्ये. म्हणून सांगतो, आधी फोन करा. फोनवर एवढंच विचारा: या वारी मीटिंग नक्की आहे का, कोणत्या भाषेत असते, दार कोणतं, आणि मी नवीन आहे, कोणी दहा मिनिटं आधी बाहेर भेटेल का. हे शेवटचं विचारायला लाज वाटते पण तेच सगळ्यात कामाचं. हेल्पलाइनवर बऱ्याचदा स्वतः त्यातून गेलेलाच माणूस असतो. एएची सुरुवातच मुळात अशा फोनने झालीय, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल नावाचा माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा होता, धंद्यात आपटलेला, एकीकडे बारचा आवाज आणि दुसरीकडे टेलिफोन, त्याने फोन उचलला आणि बोलायला दुसरा दारुडा शोधत सुटला. तो सापडला तो एक सर्जन होता, डॉक्टर बॉब.

आत काय होतं? साधारण तास-दीड तास, एकेक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, मध्ये कोणी सल्ले देत नाही. नाव फक्त पहिलं सांगायचं. बोलायचं नसेल तर 'आज फक्त ऐकायला आलोय' म्हणा, विषय संपला. फी नसते. वर्गणीसाठी पिशवी फिरते, नवीन माणसाने काही टाकलं नाही तरी चालतं. अट एकच, दारू सोडायची इच्छा.

पहिली मीटिंग बकवास वाटू शकते, मला वाटली होती, एक काका अर्धा तास एकटेच बोलत होते. त्यावरून निकाल लावू नका, प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा, निदान पाचसहा मीटिंगा दोनतीन ग्रुपमध्ये करून बघा आणि निघताना दोघातिघांचे नंबर घ्या, संध्याकाळी तलफ आली की तेच कामी येतात. कोणी उसने पैसे मागायला लागला किंवा नवीन आलेल्या बाईच्या मागे लागला तर तो ग्रुप सोडून दुसरा धरा.

आणि त्या दिवशी प्यायला असाल तरी जा. मागे बसा, बोलू नका, गडबड करू नका, कोणी सहसा हाकलत नाही. फक्त गाडी स्वतः चालवत जाऊ नका.