लाल रेघ दिसली म्हणून शब्द बदलू नका

मराठी मजकुराखाली लाल नागमोडी रेघ उमटली की अनेकजण नीट लिहिलेला शब्दही बिघडवतात. शब्द शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाच्या यादीत सापडला नाही, एवढंच ती रेघ सांगते. लिब्रेऑफिस या लेखन-सॉफ्टवेअरमधला हनस्पेल हा तपासनीस शब्दयादी आणि प्रत्ययांचे नियम यांवर चालतो. ‘घरासमोरच्यांनाही’सारखी सगळी रूपं त्यात बसवणं सोपं नाही.

पानभर रेघा असतील तर आधी मजकुराची भाषा बघा. देवनागरी पाहून ती हिंदी धरली गेली असेल, तर ‘कवी’, ‘गुरू’ चूक ठरतात आणि ‘कवि’, ‘गुरु’ सुचवले जातात. हिंदीत तेच बरोबर, पण मराठीत अशा शब्दांचा शेवटचा इकार-उकार दीर्घ. समासात मात्र तो ऱ्हस्व: कविसंमेलन, गुरुदक्षिणा. म्हणून ‘सगळीकडे बदला’ हे बटण दाबूच नका. ‘घरासमोर’ तोडून ‘घरा समोर’ करायची सूचनाही नाकारा. मराठीत शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहितात.

सर्वाधिक गोंधळ सामान्यरूपांत, म्हणजे प्रत्यय लागताना बदलणाऱ्या रूपांत होतो. ‘वकील’चं ‘वकिलाला’, ‘गरीब’चं ‘गरिबाला’ होतं, पण ‘शरीर’ तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) असल्याने ‘शरीरात’ दीर्घच राहतं. साधनाला फक्त मूळ शब्द माहीत असेल, तर ते ‘वकीलाला’ सुचवू शकतं. शंका आली की मराठी साहित्य महामंडळाचे शासनमान्य १८ नियम उघडा (१४ नियम १९६२चे, ४ नियम १९७२चे). एआयकडून मजकूर तपासून घेत असाल, तर प्रत्येक बदलामागचा नियम विचारा आणि तो या यादीत स्वतः शोधा. नसलेला नियमही एआय ठामपणे सांगतो.

मला जास्त काळजी रेघ न आलेल्या शब्दांची वाटते. ‘लग्नाच्या स्वयंपाकाचे पैसे आचार्यांना दिले’ हे वाक्य बिनरेघेचं सुटतं, कारण ‘आचार्यांना’ हाही खरा शब्द आहे. इथे हवा ‘आचाऱ्यांना’. दिन-दीन, सुत-सूत यांचंही तसंच. असे शब्द डोळ्यांनीच तपासावे लागतात.

कथेतल्या संवादात ‘असं केलं’ किंवा वऱ्हाडी, मालवणी बोली असेल तर रेघा खुशाल राहू द्या. ‘शब्दकोशात जोडा’ मात्र जपून वापरा. चुकीचं रूप एकदा जोडलं गेलं की साधन पुढच्या प्रत्येक लेखात ते बिनबोभाट सोडून देतं. तसं झालं असेल, तर सेटिंगमधला वैयक्तिक शब्दकोश उघडून तो शब्द काढून टाका.