मोबाइल पेटंटच्या भांडणात शिरताना: आधी क्लेम चार्ट

पुण्यात ई अँड टीसी किंवा कॉम्प्युटर करून पेटंटच्या कामाकडे वळणाऱ्यांना वाटतं, कलमं पाठ झाली की जमलं. कलमं लागतातच, पण नवख्याच्या टेबलावर येतो तो क्लेम चार्ट. क्लेम म्हणजे पेटंटात नेमका कशावर हक्क सांगितलाय ते वाक्य. चार्टात डावीकडे क्लेमचा एकेक घटक, उजवीकडे फोनमधला त्याचा पुरावा. एक घटक जरी जुळला नाही, तरी शब्दशः उल्लंघन ठरत नाही.

ॲपलचं अमेरिकन पेटंट ७,४६९,३८१ बघा. पान सरकवताना कड लागली की कडेपलीकडची जागा दिसते, बोट उचललं की पान मागे येतं. २०१२ साली सॅमसंगविरुद्ध सुमारे १०५ कोटी डॉलरचा जो निकाल लागला, त्यात हेही होतं. सॅमसंगने त्याऐवजी कडेला नुसती निळी चमक आणली. पलीकडची जागाच दिसत नाही, मग क्लेम लागणार कसा?

चार्ट बिघडतो तो बहुतेकदा चुकीच्या कागदामुळे. अमेरिकन पेटंटात ए१ म्हणजे नुसता प्रसिद्ध झालेला अर्ज. क्लेम उचलायचे ते बी१ किंवा बी२ मधून. भारतात भांडायचं असेल तर भारतात मंजूर झालेलेच क्लेम घ्या. एकाच कुटुंबातल्या, म्हणजे एकाच शोधासाठी देशोदेशी घेतलेल्या, पेटंटांचे क्लेम देशागणिक बदलतात.

फोर-जी, फाइव्ह-जीच्या पेटंटांत क्लेम थ्रीजीपीपीच्या (मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या संघटनेच्या) स्पेसिफिकेशनशी जुळवतात. तिथे आवृत्ती क्रमांक लिहिलाच पाहिजे. वाक्यात ‘शॅल’ (सक्तीचं) आहे की ‘मे’ (ऐच्छिक), हेही बघा. ‘मे’ असेल तर ती सोय प्रत्येक फोनमध्ये असेलच असं नाही. फोन तपासून दाखवावं लागतं. आणि एट्सी या युरोपीय मानक संस्थेकडे पेटंट जाहीर केलंय यावर विसंबू नका. ते खरंच अत्यावश्यक आहे का, म्हणजे ते वापरल्याशिवाय मानक पाळताच येत नाही का, हे एट्सी तपासत नाही.

प्रतिवादीकडून काम असेल तर शोध आधीच माहीत होता हे दाखवायला थ्रीजीपीपीच्या बैठकांचे जुने कागद म्हणजे खजिना. मात्र कागदावर छापलेली तारीख पुरत नाही, सर्व्हरवर तो कधी चढला ते नोंदवा. प्रायॉरिटी तारखेनंतरचा (त्या शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेनंतरचा) कागद कितीही तंतोतंत जुळला तरी उपयोग शून्य.

पेटंट एजंटची, म्हणजे इतरांसाठी पेटंटचे अर्ज चालवणाऱ्याची, परीक्षा विज्ञान किंवा इंजिनिअरिंगच्या पदवीवर देता येते, एलएलबी लागत नाही. १०० गुणांचे दोन पेपर, ५० गुणांची तोंडी. प्रत्येक पेपरात निदान ५० आणि एकूण ६० टक्के हवेत. दुसरा पेपर ड्राफ्टिंगचा, म्हणजे पेटंटचा मसुदा लिहिण्याचा. पाठांतरावर भिस्त ठेवणाऱ्यांना तोच जड जातो.

पुण्याचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयात लावता येतो, पण प्रतिवादीने पेटंट रद्द करण्याची उलटमागणी केली की तो उच्च न्यायालयात जातो. मोबाइलची मोठी भांडणं मात्र दिल्ली उच्च न्यायालयात चालत आली आहेत. २०२४ चा एरिक्सन विरुद्ध लाव्हा निकाल मिळवून वाचा. २४४ कोटींच्या भरपाईचा भाग मागे ठेवा, आधी एकेका पेटंटची चर्चा बघा. आठपैकी एक पेटंट नावीन्य नाही म्हणून तिथेच पडलं.