जुन्या पैठणीचा कोबुकुसा

आईची पैठणी घड्यांवर विरली होती, पदर मात्र शाबूत होता. आमची सूनबाई उरासेन्के परंपरेचा जपानी चहाविधी शिकते. त्यात दाट चहा देताना वाडग्यासोबत साधारण १५ बाय १६ सेंटिमीटरचं दुपदरी रेशमी कापड देतात, तो कोबुकुसा. पाहुणा तो डाव्या तळहातावर पसरतो आणि त्यावर वाडगा घेऊन चहा पितो. ठाण्यात, नौपाड्यातल्या घरी, माझ्या जुन्या मशीनवर, मी तो त्या पदरातून शिवला. आपलं कापड तिथे शोभेल का, ही शंका नको. भारतातून गेलेली छापील कापडं तिकडच्या चहाविधी करणाऱ्यांनी ‘सारासा’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपली आहेत.

आधी नक्षी ठरवा. मी पदरातलं कमळ घेणार होते, पण सूनबाई म्हणाली, “आई, तिकडे कमळ म्हटलं की बौद्ध विधी, गेलेल्या माणसांची आठवण.” मग आसावलीची वेल घेतली. न तुटता पसरणारी वेल तिकडेही शुभ, तिला ‘काराकुसा’ म्हणतात, आणि ती बारा महिने चालते. जपानी जरीकापड मिळालं तर नव्या वर्षाला पाइन-बांबू-प्लम किंवा क्रौंच आणि कासव, शरदात शेवंती किंवा मेपल. फुलाच्या नक्षीचं कापड ऋतूच्या थोडं आधी वापरायचं. दारातली चेरी फुललेली असताना कापडावरची चेरी फिकीच पडणार!

आता कापणं. कापड ३४ सेंटिमीटर आडवं, १७ उभं, नक्षी सरळ उभी ठेवून. हे नीट बघा, कारण कोबुकुशाची एक कड घडीची असते, तीन शिवलेल्या, आणि घडी उजव्या हाताला येते. घडी बाजूला असली की दोन्ही अंगांना वेल सरळ राहते. माझा पहिला तुकडा मी उभा कापला, घडी खाली आली आणि मागच्या बाजूची वेल उलटी लटकली. आईच्या पदराचा तेवढा भाग वाया गेला, ते अजून लागतं.

सुलट बाजू आत घेऊन दुमडा, एक सेंटिमीटर आत टीप मारा, घडीसमोरच्या कडेला पाचेक सेंटिमीटर उघडं सोडा. कोपरे तिरपे छाटा, पण टाक्याला कात्री लागू देऊ नका. उलटवून क्रोशाच्या सुईच्या बोथट टोकाने कोपरे हळूच बाहेर काढा; टोकदार काही लावलंत तर जरीची तार तुटते. तोंड रेशमी दोऱ्याने आतल्या टाक्यांनी मिटवा. वर मलमल ठेवून कोमट इस्त्री.

ठाण्याच्या पावसात रेशमाला बुरशी लवकर धरते, पण डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत, त्या वासाने चहाचा गंध मरतो. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा आणि नवरात्रात उघडून सावलीत वारा द्या.