एंडगेमचा सराव करताना या चुका टाळा

बुद्धिबळात ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, पंधरा-पंधरा चाली पाठ असलेली मुलं राजा आणि एका प्याद्याच्या साध्या एंडगेममध्ये, म्हणजे थोडेच मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, जिंकलेला डाव बरोबरीत सोडतात. त्यांनी अभ्यास केलेला असतो, पण बहुतेक वेळा तो नुसता वाचलेला असतो. एंडगेम पटावर मांडून, समोर कोणीतरी अडवत असताना खेळला तरच हातात बसतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते स्टडीचं, म्हणजे मुद्दाम रचलेल्या कोड्याचं, उत्तर लगेच उघडल्यामुळे. रिचर्ड रेटीची १९२१ची प्रसिद्ध रचना घ्या. पांढरा राजा एच८ वर, प्यादं सी६ वर (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ). काळा राजा ए६ वर, प्यादं एच५ वर. चाल पांढऱ्याची. काळं प्यादं पकडायला राजा दोन चाली मागे आहे आणि स्वतःचं प्यादं वाचवायलाही तो फार दूर आहे. तरी डाव बरोबरीत सुटतो, कारण राजा जी७, एफ६, ई५ असा तिरका येतो आणि एकाच वेळी दोन्ही प्याद्यांकडे सरकतो. पटावर तिरक्या वाटेनेही राजाला तितक्याच चाली लागतात, ही गोष्ट इथे डोळ्यांना दिसते. पण उत्तर वाचून ‘वा!’ म्हटलं की ती दोन दिवसांत विसरायला होते. किमान वीस मिनिटं झगडा, सुचलेली चाल लिहून ठेवा, मगच उत्तर पाहा.

स्टडी म्हणजे बहुधा नियमाला पडलेला सुंदर अपवाद. म्हणून आधी नियम पक्का हवा. पांढरा राजा ई६, प्यादं ई५, काळा राजा ई८: चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. आता तिन्ही मोहरे एक घर खाली सरकवा: राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७. चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो, पांढऱ्याची असेल तर बरोबरी. मूळ पोझिशन कडेच्या पट्टीवर नेली, म्हणजे राजा ए६, प्यादं ए५, काळा राजा ए८, की पुन्हा बरोबरी. पोझिशन पाठ करणारा या बदलात फसतो. प्रत्येक सराव पोझिशन अशी सरकवून बघायची सवय लावा. मला तरी याहून चांगला शिक्षक माहीत नाही.

प्यादं आधी ढकलणं ही याच घरातली चूक. राजा पुढे, प्यादं मागून.

फक्त जिंकणारी बाजू खेळणंही चुकीचं. बचावाची बाजू घेतली की किती बारीक गोष्टीवर डाव टिकतो ते कळतं. पांढरा राजा ई५, प्यादं ई६, काळा राजा ई७, चाल काळ्याची. सरळ मागे ई८ वर गेलात तर बरोबरी. डी८ किंवा एफ८ वर गेलात तर हार. हत्तीच्या एंडगेममधल्या फिलिडोरच्या बचावातही (एकट्या हत्तीने समोरच्या हत्ती आणि प्याद्याला रोखण्याची पद्धत) असंच होतं. हत्ती सहाव्या ओळीवर (ओळी प्यादंवाल्याच्या बाजूने मोजून) ठेवायचा एवढंच बरेच जण लक्षात ठेवतात. प्यादं सहाव्या ओळीवर आलं की हत्ती ताबडतोब पहिल्या ओळीवर नेऊन मागून शह द्यायचे, हा अर्धा भाग निसटतो आणि डाव जातो.

मोहरे मारामारीत काढून ‘सोप्या’ एंडगेममध्ये उतरण्याआधी शेवटपर्यंत मोजा. सिंगापूरला १२ डिसेंबर २०२४ रोजी, जागतिक विजेतेपदाच्या चौदाव्या डावात डिंग लिरेनने ५५ व्या चालीला हत्ती एफ२ वर आणला. गुकेशने हत्ती काढले, मग उंट काढायला लावले, आणि उरलेल्या प्याद्यांच्या एंडगेममध्ये डिंगने हार मानली. तिथवर बरोबरी हातात होती. प्याद्यांच्या एंडगेममध्ये एकदा उतरलात की परतीची वाट नसते, म्हणून ही मोजणी सर्वांत कडक हवी.

इंजिन (बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम) ‘०.००’, म्हणजे बरोबरी, दाखवतं म्हणून पोझिशन सोडून देऊ नका. तीच पोझिशन चालीमागे दहा सेकंद मिळतील असं घड्याळ लावून इंजिनविरुद्ध खेळा. हरलात तर नेमक्या कुठल्या चालीला बरोबरी सुटली ते शोधा, त्या चालीच्या आधीची पोझिशन वहीत उतरवा आणि आठवड्याने पुन्हा मांडा.