घरात गाइड डॉग आलाय? या चुका टाळा

माझ्या नवऱ्याची नजर रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे हळूहळू गेली. तीन वर्षांपूर्वी तो इथे न्यू जर्सीतच मॉरिसटाउनला 'द सीइंग आय' या अंध व्यक्तींना वाट दाखवणारे कुत्रे, म्हणजे गाइड डॉग, देणाऱ्या संस्थेत काही आठवडे राहून ट्रेनिंग घेऊन आला, आणि येताना सोबत काळा लॅब्रेडोर. संस्था १९२९ पासूनची आहे, कुत्रा एकदम तयार मिळतो. तयार नव्हतो ते आम्ही घरचे, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक माझीच. नवरा ऑफिसच्या कॉलवर असला की कुत्र्याला जेवण मी घालायचे, मला वाटायचं तेवढीच त्याला मदत. महिनाभरात काय झालं तर घरातून निघताना हार्नेस (नवरा धरतो तो हँडलवाला पट्टा) घातलेला असूनही कुत्रा मागे वळून मलाच बघायला लागला आणि नवऱ्याने 'फॉरवर्ड' म्हटलं तरी क्षणभर अडायचा. ट्रेनरला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "याला खायला कोण घालतं?" तेव्हापासून जेवण, पाणी, ब्रशिंग, शी-शूला नेणं सगळं नवराच करतो. मला वाईट वाटलं, खरंच सांगते, पण दोन-तीन आठवड्यांत तो पूर्वीसारखा चालायला लागला. नवीन घरी आलेल्या कुत्र्याचा सगळा जीव आधी त्या एकाच माणसात गुंतू द्यायचा, बाकीच्यांनी थोडं लांब राहायचं.

दुसरी चूक खाऊची. गणपतीत एकांकडे जेवायला गेलो होतो, कुत्रा टेबलाखाली शांत पडलेला. एका काकूंनी प्रेमाने "अगं बघतोय कसा बिचारा" म्हणत मोदकाचा तुकडा खाली धरला. सारणात बेदाणे होते, आणि बेदाणे-द्राक्षं कुत्र्याच्या किडनीला घातक असतात, म्हणून मी तो तुकडा अक्षरशः हिसकावला. पण वास लागला तो लागलाच. पुढचे चार-पाच दिवस साहेब नाक जमिनीला लावून चालत होते. हार्नेसचं हँडल कडक असतं, कुत्र्याचं डोकं खाली गेलं की हातात लगेच कळतं, तरी एका कोपऱ्यावर तो फूटपाथच्या कडेला थांबलाच नाही आणि नवऱ्याचा पाय एकदम रस्त्यात पडला. सुदैवाने गाडी नव्हती. असं झालं तर ओरडू नका, तिथेच थांबा, आठ-दहा पावलं मागे या, परत त्याच कडेपर्यंत न्या आणि बरोबर थांबला की भरपूर कौतुक करा. आम्ही तो कोपरा त्या दिवशी तीनदा केला.

अजून एक गैरसमज सगळ्यांचाच असतो, की कुत्रा सिग्नल बघतो आणि रस्ता त्याला पाठ असतो. तसं नाहीये. लाल-हिरवा फरक कुत्र्याला नीट दिसत नाही. गाड्यांचा आवाज ऐकून कधी निघायचं ते नवरा ठरवतो, डावीकडे-उजवीकडे तोच सांगतो. कुत्रा अडथळे चुकवतो, कडेला थांबतो, आणि समोरून गाडी येत असेल तर हुकूम मोडून जागचा हलत नाही, हेही त्याला मुद्दाम शिकवलेलं असतं. त्यामुळे कुत्रा मिळाला म्हणून पांढरी काठी विसरू नका, कुत्रा आजारी पडला की तीच लागते.

मदत करायची असेल तर हार्नेसला किंवा नवऱ्याच्या हाताला धरून ओढू नका प्लीज, कुत्र्याला कळतच नाही कोणाचं ऐकायचं. आधी विचारा. तो हो म्हणाला तर कोपर पुढे करा, कुत्रा डाव्या हाताला असतो म्हणून तुम्ही उजवीकडून या.

हॉटेलात अडवलं तर भांडू नका. आम्हाला एका ठिकाणी कार्ड मागितलं, मी इतकी चिडले की नवऱ्यालाच मला शांत करावं लागलं. अमेरिकेतल्या एडीए, म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या कायद्यानुसार, कुत्रा कशासाठी आहे हे दिसून येत नसेल तर स्टाफ दोनच प्रश्न विचारू शकतो: अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. कागदपत्रं मागता येत नाहीत. मात्र कुत्रा भुंकत सुटला आणि आवरला नाही तर बाहेर काढा म्हणायचा हक्क त्यांनाही आहे. नुसत्या मानसिक आधारासाठी पाळलेला कुत्रा या कायद्यात सर्व्हिस डॉग धरत नाहीत, म्हणून ऑनलाइन 'सर्व्हिस डॉग' लिहिलेलं जॅकेट विकत घेऊन पाळीव कुत्रा मॉलमध्ये नेऊ नका. असा एखादा कुत्रा आमच्यावर धावून आला की आमचा नंतर कितीतरी वेळ बिचकत चालतो.

उन्हाळ्यात निघण्याआधी डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, चटका बसला तर त्याचे पायही भाजतील. बर्फात टाकलेल्या मिठाने पंजे चिरतात, घरी आल्यावर कोमट पाण्याने धुवा.

आणि हो, घरी हार्नेस निघाला की तो साधा कुत्रा असतो, सोफ्याखालचा बॉल काढून द्या म्हणून मागे लागणारा. तेव्हा नवऱ्याला विचारून खुशाल खेळा. त्याचं नाव मात्र मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. नाव कळलं की लोक रस्त्यात हाक मारतात, आणि हाक नेमकी क्रॉसिंगच्या मध्यावर येते. आम्ही कुठे दिसलो तर नवऱ्याशी बोला, त्याला खूप आवडतं.